जोगलटेंभीचा निधी आणि नाण्यांचे मोल

जुन्या नाण्यांच्या संग्राहकाचे तीन प्रश्न ठरलेले असतात: नाणे किती दुर्मिळ आहे, त्याची स्थिती कशी आहे आणि त्याला किंमत किती येईल? हे प्रश्न गैर नव्हेत. किंबहुना त्यांची उत्तरे शोधता शोधताच नाणकशास्त्राची पुष्कळशी वाढ झाली आहे. तथापि नाणे कोठे व कशाच्या सोबतीने सापडले, हा चौथा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय, असे आम्हांस वाटते. नाशिकजवळील जोगलटेंभीचा निधी या बाबतीत फार बोलका आहे.

प्रथम दुर्मिळतेचा विचार करू. क्षहरात क्षत्रप नहपान याची चांदीची नाणी 1906 पूर्वी अभ्यासकांस फारच थोडी ठाऊक होती. त्या साली जोगलटेंभीस 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा उघडकीस आला आणि कालचे दुर्मिळ नाणे एकाएकी विपुल झाले. तेव्हा दुर्मिळता हा नाण्याचा अंगभूत गुण नव्हे. ती आपल्या आजच्या माहितीची मर्यादा होय. म्हणूनच साक्षेपी संग्राहक विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाही. वस्तुसंग्रहालयांच्या सूची, निधींचे अहवाल आणि पूर्वीच्या लिलावांच्या याद्या पडताळून एका प्रकारची किती नाणी नोंदली गेली आहेत, हे तो स्वतः मोजतो.

स्थितीची प्रतवारी हा दुसरा विषय. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने 1949 साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी श्रेणी सुचविली. सत्तराव्या प्रतीच्या नाण्यास पहिल्या प्रतीच्या सत्तरपट किंमत यावी, असा तिचा मूळ हिशेब होता. तो हिशेब पुढे टिकला नाही; अंक मात्र टिकले. झीज किती, अक्षरे स्पष्ट किती, यावर ही प्रत ठरते.

केवळ हा मापदंड जोगलटेंभीच्या नाण्यांस लावला तर काय होईल? त्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे उमटविले आहेत. एका ठशात तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्यात उज्जयिनीचिन्ह; आणि त्यांखाली नहपानाचा मुखवटा व त्याची अक्षरे दडपून गेलेली. नुसती प्रत पाहणारा अशा नाण्यास विद्रूप ठरवील. परंतु ही विद्रूपताच इतिहासाचा पुरावा आहे. गौतमी बलश्रीच्या नाशिक येथील लेण्यांतील लेखात, तिच्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. प्रशस्तीत अतिशयोक्तीची शंका घेता येते. पण जित राजाच्या हजारो नाण्यांवर जेत्याचा ठसा उमटलेला पाहिल्यावर ती शंका उरत नाही.

येथे संख्येचे महत्त्वही ध्यानी घ्यावे. असे एकच नाणे हाती आले असते, तर ते एक कुतूहल ठरले असते. निधी एकत्रितपणे अभ्यासिला गेला, रेव्हरंड स्कॉट यांनी 1908 साली त्याचे विवेचन प्रसिद्ध केले, म्हणून त्याची साक्ष उभी राहिली. तोच साठा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर चांदीच्या वजनाइतके पैसे मिळाले असते आणि एक प्रकरण कायमचे पुसले गेले असते. सुटे होऊन बाजारात विखुरले असते, तर नाणी वाचली असती, पण त्यांचे परस्परसंबंध तुटले असते. 1878 च्या निधिविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास तो कलेक्टरास कळविणे बंधनकारक केले, त्याचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.

आमच्या शिक्षकबंधुभगिनींस एवढीच विनंती आहे. एखादा विद्यार्थी शेतात सापडलेले नाणे घेऊन आला, तर ते चिंचेने वा राखेने घासू देऊ नये. त्याने नाण्याचा पृष्ठभाग जातो आणि किंमतही जाते. नाणे कोणत्या शेतात, किती खोल, कशासोबत मिळाले, हे त्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घ्यावे. नाण्याची किंमत पुढे कोणीही ठरवील. सापडल्या जागेची आठवण मात्र एकदा विरली की कोणताही पारखी ती परत आणू शकत नाही.