दावणीची गाय, गळ्यातली गाठ आणि उशिरा पोचलेली बातमी



मागच्या महिन्यात कर्जत तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही मिटली, तेव्हा एका ताईंनी हळूच विचारलं, "मला थायरॉईडची गोळी चालू आहे. अणुभट्टीच्या किरणांनी थायरॉईडचा कॅन्सर होतो म्हणतात. मग मलाही होईल का?" बैठक एकदम गप्प झाली. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज ही जुनी हकीकत सांगायला बसलो आहोत.

गोष्ट २६ एप्रिल १९८६ ची. तेव्हाच्या सोव्हिएत देशात, आजच्या युक्रेनमध्ये, चेर्नोबिल इथे मध्यरात्रीनंतर चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. जवळच्या प्रिपयात गावातले लोक दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवून हलवले. जगाला बातमी कळली ती आणखी एका दिवसाने, तीही स्वीडनमधल्या अणुकेंद्रात किरणोत्सार मोजणारी यंत्रं वाजू लागली म्हणून.

भट्टीतून जे बाहेर पडलं त्यात किरणोत्सारी आयोडीन होतं. आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिला आयोडीन लागतं, म्हणून तर आपण आयोडीनचं मीठ खातो. पण आयोडीन साधं की किरणोत्सारी, हे त्या ग्रंथीला ओळखता येत नाही. मिळेल ते ती ओढून घेते.

मैत्रिणींनो, हे विष मुलांपर्यंत पोचलं ते मुख्यतः दुधातून. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर माळावर कोवळं गवत येतं आणि पेंढ्याला कंटाळलेली गुरं तिकडे धावतात. तिकडे एप्रिलअखेरीस तसंच असतं. हवेतलं आयोडीन गवतावर बसलं, गवत गाईने खाल्लं, आणि दूध घरातल्या पोरांनी प्यालं. लहान मुलाची ग्रंथी छोटी आणि दुधाचा पेला मोठा, म्हणून सगळ्यात जास्त मार मुलांना बसला. त्यातून त्या भागातल्या अन्नात आधीच आयोडीन कमी होतं, म्हणजे ग्रंथी भुकेलेलीच होती.

हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. अडीच-तीन महिन्यांत जवळजवळ संपतं. म्हणजे पहिले काही आठवडे घरच्या गाईचं दूध मुलांना दिलं नसतं, तर बरंच टळलं असतं. शेजारच्या पोलंड देशाने तसंच केलं. तिथे तीन-चार दिवसांत एक कोटीहून जास्त मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला, म्हणजे ग्रंथी आधीच भरलेली राहावी. चरायला जाणाऱ्या गाईंचं दूध बंद केलं आणि लहान मुलांना दुधाची पावडर दिली. पण चेर्नोबिलच्या आसपासच्या कितीतरी खेड्यांत आयांना कोणी वेळेवर सांगितलंच नाही. त्यांनी रोजच्यासारखं दूध काढलं आणि प्रेमाने मुलांना दिलं.

पहिली तीन-चार वर्षं फारसं काही दिसलं नाही. १९९० च्या सुमारास बेलारूसमधल्या डॉक्टरांकडे गळ्यात गाठी असलेली मुलं येऊ लागली. १९९२ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं, तेव्हा बाहेरच्या काही तज्ज्ञांना ते पटेना. इतक्या लवकर कॅन्सर कसा होईल, असं ते म्हणाले. पण डॉक्टरांचंच खरं निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ समितीने पुढे हिशेब मांडला. अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांमध्ये १९९१ ते २०१५ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचे सुमारे १९ हजार रुग्ण नोंदले गेले. ज्यांच्या अंगात हे आयोडीन गेलं होतं, त्यांच्यातला साधारण दर चौथा कॅन्सर किरणोत्सारामुळे. बाकीचे वाढत्या वयामुळे आणि तपासण्या वाढल्यामुळे सापडलेले. लहानपणी लागलेला हा धोका पुढे कित्येक दशकं मागे राहतो. पण वेळेवर उपचार झाले तर हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो. २००५ पर्यंत सहा हजारांहून जास्त रुग्णांत पंधरा मृत्यू नोंदले होते. तरी पंधरा घरांना तो आकडा लहान नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आला होता. तेव्हा मुंबईला पुरेल एवढं दूध मिळावं म्हणून परदेशी दूध पावडर आणि लोणी मिसळून दूध तयार करत. अपघातानंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्याबद्दल शंका निघाली. मुंबईच्या डॉ. शिवराव वागळे आणि इतरांनी कोर्टात दाद मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८८ मध्ये, लोण्यातला किरणोत्सार ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, ते खायला हरकत नाही, असा निकाल लागला. तोवर आयोडीन तर कधीच संपलेलं होतं. प्रश्न सीझियम नावाच्या दुसऱ्या पदार्थाचा होता, आणि तो लोण्यात फारसा उतरत नाही. निकाल विरुद्ध गेला, तरी विचारणं चुकीचं नव्हतं. आपल्या मुलांच्या पेल्यात काय आहे, हे विचारायचा हक्क प्रत्येक आईला आहे.

आता त्या ताईंचं उत्तर. ताई, तुमची गोळी ग्रंथी कमी काम करते म्हणून आहे. तो कॅन्सर नाही, आणि गोळीने कॅन्सर होत नाही. ती मनाने बंद करू नका. तारापूरची अणुवीज १९६९ पासून चालू आहे, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. चेर्नोबिलसारखा अपघात तिथे झालेला नाही. आयोडीनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या सरकारने सांगितल्याशिवाय कोणी घ्यायच्या नाहीत. जास्त मीठ खाल्ल्यानेही असा बचाव होत नाही, उलट ब्लडप्रेशर वाढतं.

पण गळ्यात गाठ लागली, आवाज बसला तो सुटेना, गिळायला त्रास झाला, तर लपवू नका. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून पदराखाली गाठ झाकणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. बहुतेक गाठी साध्या असतात, पण ते तपासूनच कळतं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पुढे गरज पडलीच तर आपल्याच जिल्ह्यात खारघरला टाटाचं केंद्र आहे, परळला टाटा हॉस्पिटल आहे.

आणि एक काम गटाने करायचं. पूर असो, दरड असो, खोपोलीकडच्या कारखान्यातली गॅस असो, बातमी आली की पहिला फोन कोणी कोणाला करायचा, हे पुढच्या बैठकीत वहीत लिहून ठेवा. चेर्नोबिलच्या आयांकडे प्रेम होतं, गाय होती, दूध होतं. वेळेवर कळवणारं माणूस तेवढं नव्हतं.