इंधनव्यवस्था, स्वनिर्मित विमानातील

हौशी बांधकर्त्याने स्वतः घडवलेल्या विमानात इंधन साठवणारी, गाळणारी आणि इंजिनापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा. टाक्या, हवाछिद्रे, गाळण्या, नळ्या, निवड-झडप, पंप व मापके हे तिचे भाग. कारखान्यातून येणाऱ्या विमानात ही जोडणी प्रमाणित असते. स्वनिर्मित विमानात मात्र नळी कुठून न्यायची आणि झडप कुठे बसवायची हे बांधणाराच ठरवतो. टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडते, तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा याच निर्णयांत सापडते.

महाराष्ट्रातील स्वनिर्मिती : वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर टीएसी-००३ हे सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी केली, २०१९ मध्ये उड्डाणपरवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्यात चाचणी-उड्डाण झाले. गच्चीवर सांगाडा उभा राहू शकतो. पण नाक वर करून चढताना टाकीच्या तळाचे इंधन नळीच्या तोंडाशी राहते की मागे सरकते, हे सपाट जागी उभ्या विमानाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

टाकी, हवाछिद्र व गाळण : इंधन जसे उपसले जाते, तशी त्याची जागा घ्यायला टाकीत हवा यावी लागते. हवाछिद्र गांधीलमाशीच्या मातीच्या घरट्याने बुजले, तर टाकीत निर्वात तयार होऊन प्रवाह आटतो. उन्हाने इंधन प्रसरण पावते, म्हणून टाकीच्या क्षमतेच्या किमान २ टक्के जागा रिकामी ठेवण्याचा संकेत आहे. टाकीच्या तोंडाशी जाड जाळी आणि व्यवस्थेतील सर्वांत खालच्या जागी गॅस्कोलेटर, म्हणजे निचऱ्याची तोटी असलेली गाळणी, बसवतात. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी जमते. पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री दव साचते. म्हणून विमान ठेवताना टाकी भरून ठेवतात आणि सकाळी उड्डाणापूर्वी तळाचे इंधन पारदर्शक बाटलीत काढून पाहतात. विमानाचे १०० एलएल पेट्रोल निळे असते, त्यामुळे तळाचा रंगहीन थर लगेच दिसतो. मात्र बाटलीत नुसतेच पाणी आले, तर थर दिसत नाही. निळा रंग आहे की नाही, हेच पाहावे लागते.

उष्णता व बाष्परोध : वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा उन्हात इंजिन थांबवून विमान उभे ठेवले, तर इंजिनावरील झाकणाखाली कोंडलेली उष्णता नळ्यांतील इंधन तापवते. त्यातच पंप इंजिनाजवळ असेल, तर तो लांबून इंधन ओढतो, ओढीच्या नळीतला दाब घटतो आणि इंधन तिथेच उकळते. वाफेचा बुडबुडा पंपाला ढकलता येत नाही. यावर उपाय म्हणजे विजेचा पंप टाकीजवळ, शक्यतो तिच्या पातळीखाली बसवणे, म्हणजे इंधन ओढले न जाता ढकलले जाते. नळ्या धुराड्यापासून दूर नेतात, त्यांवर अग्निरोधक वेष्टन चढवतात आणि उंच वळसे टाळतात.

विमानाच्या पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांना कमाल ४९ किलोपास्कल असतो. मोटारीचे पेट्रोल सहसा त्याहून लवकर वाफ होणारे. शिवाय भारतातील पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि काही रबर व लेप खराब करते. रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांना १० टक्के इथेनॉलपर्यंतचेच पेट्रोल मान्य आहे.

निवड-झडप : १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचे स्वनिर्मित लाँग-ईझेड विमान कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागरात कोसळले. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात टाकी बदलण्याची झडप वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने इंधनाच्या नळ्या बैठकीच्या जागेत नकोत म्हणून ती डाव्या खांद्यामागे नेली. तिच्यावर खुणा नव्हत्या. मागच्या आसनाजवळच्या इंधनमापक काचांवरही नव्हत्या. झडप फिरवायला वळताना उजवे पेडल नकळत दाबले गेले आणि विमानावरचा ताबा सुटला, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष होता. आगीच्या भीतीने, म्हणजे सुरक्षेसाठीच केलेला हा बदल होता. पट्टा बांधलेल्या वैमानिकाला न वळता हात पोहोचेल, मूठ कोणत्या टाकीकडे आहे हे बोटांनाही कळेल आणि ‘बंद’ स्थितीत ती चुकून जाणार नाही, अशी झडप असावी लागते.

प्रवाहचाचणी : गुरुत्वाने इंधन देणाऱ्या व्यवस्थेतून इंजिनाच्या उड्डाणारंभीच्या गरजेच्या १५० टक्के आणि पंपाच्या व्यवस्थेतून १२५ टक्के प्रवाह मिळावा, हा प्रमाणित विमानांचा जुना निकष स्वनिर्मितीतही वापरतात. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात तासाला सुमारे ३१ लिटर पेट्रोल घेते. म्हणजे गुरुत्वाने साधारण ४७ आणि पंपाने ३९ लिटर मिळायला हवे. शेपटी खाली करून किंवा चाकाखाली खड्डा खणून विमान चढाईच्या कोनात उभे करतात. टाकीत थोडेच इंधन ठेवून कार्ब्युरेटरजवळ सोडलेली नळी मापाच्या डब्यात धरतात आणि घड्याळ लावतात. धार तुटल्यावर टाकीत उरते ते वापरता न येणारे इंधन. मापकाचे शून्य तिथे लावतात. प्रत्येक टाकी आणि प्रत्येक पंप यांची चाचणी वेगळी घेतात.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासानुसार २०११ मध्ये अमेरिकेच्या सामान्य विमानांत स्वनिर्मित विमाने जवळजवळ १० टक्के होती, पण प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. परवाना देण्यापूर्वी इंधनव्यवस्थेच्या चाचणीचा अहवाल घ्यावा, अशी शिफारस मंडळाने त्याच वेळी केली.