अस्थिदीर्घीकरण
आखूड राहिलेले हाड शस्त्रक्रियेने विभागून, त्याची दोन टोके दररोज अल्प प्रमाणात एकमेकांपासून दूर नेत, मधल्या जागेत नवे हाड निर्माण होऊ देण्याची उपचारपद्धती. रुग्णांच्या बोलण्यात ‘रिंग बसविणे’. बोलोन्या येथील कोदिव्हिल्ला यांनी १९०५ मध्ये हाड लांबविण्याची पद्धत प्रसिद्ध केली, परंतु एकदम जोराने ताणल्यामुळे स्नायू व मज्जातंतू दुखावत. सैबेरियातील कुर्गानचे गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास योजिलेली तारा व कड्यांची चौकट आणि तिच्यासह आलेले सावकाश ताणण्याचे तत्त्व यांमुळे हे संकट पुष्कळसे टळले.

पोलिओ, बालपणीचा अस्थिदाह, जुना अपघात किंवा जन्मजात उणीव यांमुळे पाय आखूड राहतो. फरक दोन सेंटिमीटरांच्या आत असल्यास पादत्राणाचा तळ उंच करणे बहुधा पुरते.

शस्त्रक्रियेनंतर पाच ते दहा दिवस थांबून ताणणे सुरू होते : दिवसाकाठी एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार हप्त्यांनी. पाना फिरविण्याचे हे काम बहुतेक दिवस घरीच, रुग्णाच्या वा त्याच्या माणसांच्या हातून व्हावयाचे असते. चार सेंटिमीटर लांबीस चाळीस दिवस पुरले, तरी नवे हाड भार पेलण्याजोगे होईतो चौकट चार ते सहा महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ पायावर राहते. सबब निपाणीसारख्या गावाहून बेळगाव, कोल्हापूर वा मिरजेस वारंवार तपासणीसाठी जाण्याची आणि तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या रोजाची तजवीज आगाऊ करावी. संमतिपत्र कन्नड वा इंग्रजीत असल्यास सहीपूर्वी ते मराठीत उलगडून मागावे. त्यात संकोच कसला?

तारांच्या छिद्रांशी पू होणे नित्याचे. ती रोज स्वच्छ ठेवावीत. सांधे आखडणे मात्र अधिक घातक. निपाणीतील विडी वळणारी बाई मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन दिवसभर बसते. तिचा गुडघा वाकेनासा झाला, तर लांबी मिळूनही रोजगार जातो, म्हणून दुखत असतानाही व्यायाम चुकवू नये. निकोटीनमुळे हाड भरण्यास विलंब लागतो. विडी, तंबाखू आणि स्त्रियांची मिसरीही या मुदतीत पूर्ण वर्ज्य मानावी, हे या मुलखात आवर्जून सांगावे लागते.

हाडाच्या पोकळीत बसवून बाहेरच्या चुंबकाने लांबविण्याची सळई आता निघाली आहे. तिच्यात तारांचा जाच नाही, खर्च मात्र मोठा. निरोगी पाय केवळ उंचीसाठी लांबविणे आम्हांस अनुचित वाटते.

चौकट निघाल्यावरही काही आठवडे कुबडी सोडू नये. कोवळे हाड या काळात मोडू शकते.