सायकल जवळ येते तेव्हा कॅमेरा मागे पडतो का? कंटिन्युअस ऑटोफोकसची चाचणी अशी घेतात

लग्नात वरमाला एकदाच घातली जाते. कबड्डीच्या अंतिम सामन्यातली निर्णायक चढाई फोटोसाठी पुन्हा होत नाही. अशा क्षणांसाठी सेकंदाला १० किंवा २० फोटो काढणारे कॅमेरे घेतले जातात. पण त्यातल्या किती फोटोंत चेहरा स्पष्ट येईल, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते बरंचसं ठरतं कंटिन्युअस ऑटोफोकसवर. नवा किंवा सेकंड हँड कॅमेरा घेण्याआधी ही यंत्रणा कशी तपासायची?

कंटिन्युअस ऑटोफोकस म्हणजे काय?

सिंगल ऑटोफोकसमध्ये शटरचं बटण अर्धं दाबलं की कॅमेरा एकदा फोकस करतो आणि तिथेच थांबतो. कंटिन्युअस ऑटोफोकसमध्ये बटण दाबलेलं असेपर्यंत तो फोकस बदलत राहतो. निकॉन आणि सोनीच्या कॅमेऱ्यांत याला 'एएफ-सी' म्हणतात, तर कॅननच्या कॅमेऱ्यांत 'सर्व्हो'.

यामागे बहुतेक वेळा फेज डिटेक्शन हे तंत्र असतं. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत, हे कॅमेरा मोजतो. त्यावरून फोकस कुठल्या दिशेला आणि किती हलवायचा हे एकाच मापनात कळतं. जुन्या कॉन्ट्रास्ट डिटेक्शन पद्धतीत लेन्स पुढे-मागे करून सर्वांत स्पष्ट जागा शोधावी लागायची. स्थिर वस्तूसाठी ते चालतं, पळणाऱ्यासाठी वेळ अपुरा पडतो.

डीएसएलआरमध्ये फेज डिटेक्शनसाठी आरशाखाली वेगळा सेन्सर असतो. मिररलेस कॅमेऱ्यांत हेच काम मुख्य सेन्सरवर होतं. कॅननने २०१३ मध्ये ईओएस ७०डी या मॉडेलमध्ये आणलेलं 'ड्युअल पिक्सेल' तंत्र त्याचं एक उदाहरण.

कॅमेऱ्याला अंदाज का बांधावा लागतो?

अंतर मोजणं, लेन्स हलवणं आणि शटर उघडणं यांत थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात समोरची व्यक्ती पुढे सरकलेली असते.

आकड्यांत पाहू. शर्यतीतली सायकल ताशी ३६ किलोमीटरने येते आहे, म्हणजे सेकंदाला १० मीटर. मापन आणि फोटो यांत सेकंदाचा विसावा भाग गेला असं धरलं, तर सायकल अर्धा मीटर पुढे आली. फुल फ्रेम कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स आणि एफ २.८ अपर्चर असेल, तर १० मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढचा-मागचा मिळून जेमतेम ४२ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे मोजलेल्या जागेवरच फोकस ठेवला तर चेहरा धूसर येणार. म्हणून कॅमेरा आधीच्या मापनांवरून वेग काढतो आणि शटर उघडेल तेव्हा व्यक्ती कुठे असेल याचा अंदाज बांधतो.

आणखी एक अडचण आहे. सायकलचा वेग तोच राहिला तरी अंतर निम्मं झालं की फोकस सुमारे चौपट वेगाने बदलावा लागतो. त्यामुळे २० मीटरवर चोख असलेला कॅमेरा ५ मीटरवर गडबडू शकतो.

चाचणीसाठी सायकलच का?

सायकलचा वेग बऱ्यापैकी एकसारखा ठेवता येतो आणि फेरी हवी तितक्या वेळा करता येते. कॅमेऱ्यांची परीक्षणं करणाऱ्या 'डीपीरिव्ह्यू' या संकेतस्थळाने सायकलस्वाराच्या दोन फेऱ्या नियमितपणे वापरल्या आहेत: एक सरळ, दुसरी नागमोडी.

सरळ फेरीत सायकलस्वार कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि फोकसचा बिंदू मध्यभागी ठेवलेला असतो. इथे फक्त अंतराचा अंदाज तपासला जातो. नागमोडी फेरीत तो चौकटीत डावी-उजवीकडे सरकतो आणि जवळ येण्याचा वेगही बदलत राहतो. आता कॅमेऱ्याला माणूस ओळखून त्याचा माग काढायचा असतो. एका फेरीत पास झालेला कॅमेरा दुसरीत नापास होऊ शकतो.

चाचणी कशी घ्यायची?

१. मोकळं गवताळ मैदान आणि चांगला उजेड निवडा. ३०, २० आणि १० मीटरवर खुणा करा.

२. अपर्चर पूर्ण उघडं ठेवा. ते लहान केलं तर स्पष्ट पट्टा वाढतो आणि फोकसच्या चुका झाकल्या जातात.

३. शटर स्पीड सेकंदाचा १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा.

४. जेपेगमध्ये फोटो काढा आणि वेगवान मेमरी कार्ड वापरा, म्हणजे बफर लवकर भरणार नाही.

५. प्रत्येक प्रकारच्या किमान पाच फेऱ्या करा. एका फेरीतलं यश नशिबाचंही असू शकतं.

६. दोन कॅमेऱ्यांची तुलना असेल तर लेन्सचं फोकल लेंथ, अपर्चर आणि उजेड सारखाच ठेवा.

निकाल कसा वाचायचा?

फोटो संगणकावर १०० टक्के आकारात पाहा आणि तीन गट करा: स्पष्ट, किंचित धूसर, फसलेले. नजर डोळ्यांवर ठेवा. हँडल स्पष्ट आणि चेहरा धूसर असेल तर फोटो फसलेलाच.

मग गवत पाहा. सायकलच्या मागचं गवत स्पष्ट असेल तर कॅमेरा मागे पडला. पुढचं गवत स्पष्ट असेल तर त्याने अंदाज जास्त बांधला. सायकलस्वाराने ब्रेक लावल्यावर असं होऊ शकतं. चाकाजवळचं गवत स्पष्ट पण चेहरा ओढल्यासारखा दिसत असेल तर दोष शटर स्पीडचा आहे. सगळंच एका दिशेने ओढलेलं असेल तर हात हलला. या शेवटच्या दोन प्रकारांचे फोटो ऑटोफोकसच्या खात्यावर मांडू नयेत.

नुसती टक्केवारीही फसवू शकते. समजा, एका कॅमेऱ्याने तीन सेकंदांत ६० फोटो काढले आणि ४५ स्पष्ट आले, म्हणजे ७५ टक्के. दुसऱ्याने २४ काढले आणि २२ स्पष्ट आले, म्हणजे जवळपास ९२ टक्के. टक्केवारीत दुसरा पुढे, पण हाती आलेले चांगले फोटो पहिल्याचे दुपटीहून जास्त. अनेक कॅमेऱ्यांत 'फोकसला प्राधान्य' की 'शटरला प्राधान्य' अशी सेटिंग असते. फोकसला प्राधान्य दिलं तर कॅमेरा फोकस मिळेपर्यंत थांबू शकतो आणि फोटोंची संख्या घटते. म्हणून टक्केवारीसोबत एकूण फोटोही नोंदवा.

दुकानात मैदान कुठून आणायचं?

५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स आणि चालणारा मित्र पुरेसा आहे. नेहमीच्या चालीने माणूस सेकंदाच्या विसाव्या भागात साधारण ७ सेंटिमीटर पुढे येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यात या लेन्सने दीड मीटरवर स्पष्ट पट्टा पुढे-मागे प्रत्येकी सुमारे ५ सेंटिमीटरच असतो. म्हणजे चालणारा माणूसही कॅमेऱ्याची परीक्षा घेऊ शकतो.

ही चाचणी सगळं सांगत नाही. मंद उजेडात ऑटोफोकस मंदावतो आणि लेन्सची मोटर संथ असेल तर उत्तम कॅमेराही अडखळतो. संध्याकाळचे सामने किंवा हॉलमधली लग्नं टिपायची असतील, तर स्वतःची लेन्स घेऊन तसल्याच उजेडात दोन फेऱ्या करून पाहाव्यात आणि मगच पैसे मोजावेत.