बापाचा हक्क की बापाची जबाबदारी?



घटस्फोटानंतर मूल आईकडेच जाते, बापाला न्याय मिळत नाही, असे गाऱ्हाणे आज पुष्कळ ऐकू येते. त्याची टवाळी करू नये. तथापि त्याचा निवाडा करण्यापूर्वी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. कारण एके काळी हाच आक्रोश आईचा होता.

1836 साली इंग्लंडात कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेच्या नवऱ्याने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर व्यभिचाराचा दावा लावला. ज्यूरीने तो फेटाळला. तरीही तिन्ही मुलगे बापाने आपल्याच ताब्यात ठेवले आणि कायद्याने त्याला अडवले नाही. बाईंनी पत्रके लिहून रान उठवले, तेव्हा 1839 च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची वाट आईला मोकळी झाली. मुलाचे हित सर्वांत आधी, हे तत्त्व तेथे कायद्यात यायला 1925 साल उजाडले.

आपल्याकडे 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाच्या कल्याणाचा उल्लेख होता, पण मान बापाचाच मोठा. 1914 साली ॲनी बेझंट आणि जे. कृष्णमूर्तींचे वडील नारायणय्या यांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, बापाचे पालकत्व ही एक पवित्र ठेव आहे. ठेव म्हणजे मालकी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. 1956 च्या हिंदू कायद्याने बापाला पहिला पालक ठरविले, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ ठेवले आणि दोघांच्याही वर मुलाचे हित बसविले. ‘बापानंतर आई’ याचा अर्थ ‘बाप हयात असेतोवर आई कोणीच नव्हे’ असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली स्पष्ट केले.

मग बापाचे गाऱ्हाणे खोटे काय? नव्हे. कायद्याचे पुस्तक एक सांगते आणि पाळीवर राबणाऱ्या माणसाचा दिवस दुसरेच सांगतो. मुलाच्या भेटीचा वार न्यायालय ठरवते, साप्ताहिक सुट्टीचा वार कारखाना ठरवतो. दोन्ही जुळले नाहीत तर बापाने खाडा करावा आणि पगार बुडवावा. तारखेला हेच, आणि कामावर जाणाऱ्या आईचीही हीच गत. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याशी मुलाचा संबंध तुटता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली बजावले आहे. विधि आयोगानेही 2015 साली संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. पण भेटीची वेळ माणसाच्या कामाकडे पाहून ठरली नाही, तर हे शब्द कागदावरच राहतील.

मालक-कामगार तंट्यात करारावर दोन्ही पक्ष सही करतात. या तंट्यात मात्र ज्याच्यावरून भांडण, त्या मुलाची सही कोठेच नसते. 1984 च्या कायद्याने कुटुंब न्यायालये काढली, समुपदेशक नेमले, ते या मुक्या पक्षासाठी. म्हणून माझे मागणे दोघांकडे आहे: पोटगी थकली म्हणून भेट रोखू नये आणि भेट रोखली म्हणून पोटगी थकवू नये. दोन्ही देणी मुलाची आहेत.

बापाने न्याय अवश्य मागावा. मात्र गेलेली मालकी परत मिळावी म्हणून नव्हे, तर आपल्या वाट्याची ठेव सांभाळता यावी म्हणून मागावा.