काकांच्या फायली आणि १९९६ चा चिपसेट

बांद्याला गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं: काकांचा कंप्युटर बघणे. (बांदा हो, वांद्रे नव्हे! गोव्याच्या हद्दीला लागून असलेलं आमचं गाव.)

काकांचं बाजारात छोटंसं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, देवळाची पत्रकं, श्रद्धांजलीच्या जाहिराती... सगळं पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ही मराठी म्हणजे नुसता चिन्हांचा चिवडा. म्हणून कॉलेजात असताना मी त्यांचा अख्खा विंडोज एक्सपी व्हर्च्युअल मशीन करून विंडोज १० च्या डेस्कटॉपवर ठेवून दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्या दिवाळीत हे बिऱ्हाड लिनक्सच्या लॅपटॉपवर हलवायचं ठरलं. काका म्हणाले, "फायली उघडल्यो म्हणजे झाला. बाकीचा तुझा तू बघ."

आता गंमत अशी की हे दुखणं फार जुनं आहे. १९६४ साली आयबीएमने सिस्टीम/३६० आणलं तेव्हा गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न हाच होता, की आमच्या १४०१ वरच्या प्रोग्रामचं काय? (मुंबईत एस्सो कंपनीने १९६१ मध्येच १४०१ बसवलं होतं.) उत्तर म्हणून ३६० च्या काही मॉडेल्सना १४०१ ची नक्कल करायला शिकवलं गेलं. पुढे आयबीएमच्याच केंब्रिजच्या केंद्रात सीपी-४० तयार झालं. १९६७ मध्ये ते एका खऱ्या मशीनवर चौदा खोटी मशीन्स चालवत होतं. १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आलं आणि जुनी व नवी सिस्टीम एकाच मशीनवर शेजारी शेजारी ठेवून सावकाश स्थलांतर करायची सोय झाली.

आपल्या पीसीला हे सुख उशिरा मिळालं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या काही सूचना अशा होत्या की पाहुण्या सिस्टीमने त्या वापरल्या तरी यजमानाला पत्ताच लागायचा नाही. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये त्या सूचना चालता चालता बदलून वाट काढली. थेट प्रोसेसरमध्ये सोय आली ती २००५ पासून.

असो. तर मी एक्सपी नीट शटडाऊन केला. नुसता झोपवून ठेवला असता तर उपयोग नव्हता, कारण एका सॉफ्टवेअरने जपलेली झोप दुसऱ्याला कळत नाही. मग डिस्कची फाईल क्यूईएमयूच्या फॉरमॅटमध्ये बदलली, केव्हीएमवर चढवली, आणि... निळा पडदा! ०x७बी. म्हणजे एक्सपीला स्वतःची डिस्कच सापडेना. मी हौसेने वेगवान व्हर्टिओ डिस्क दिली होती आणि बिचाऱ्याकडे तिचा ड्रायव्हरच नव्हता. डिस्क जुन्या आयडीई प्रकारची केली आणि एक्सपी हसत उठला.

रात्री सेटिंग्ज बघताना लक्षात आलं, की ह्या व्हर्च्युअल मशीनमधला मदरबोर्ड म्हणजे इंटेलचा ४४०एफएक्स चिपसेट. सालं १९९६ चं! खरा केव्हाच भंगारात गेला, पण त्याची नक्कल अजून जशीच्या तशी सांभाळलेली आहे. तेव्हा कळलं की व्हर्च्युअल मशीन हलतं ते नवं मशीन भारी असतं म्हणून नाही. कोणीतरी जुनं खोटं वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे बोलत राहतं, म्हणून हलतं.

पण ह्या भरवशावर किती दिवस काढायचे? उद्या एआरएम प्रोसेसरचा लॅपटॉप आला की हा एक्सपी केव्हीएमच्या वेगाने चालणार नाही. एकेका सूचनेचं भाषांतर करत रखडत चालेल. चार फायलींसाठी आपण अख्खं घर उचलून फिरतोय, खरी सोडवणूक म्हणजे त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणणं.

काकांनी पहिली फाईल उघडली ती आजीच्या बाराव्याची पत्रिका. बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "ही पयली कर."

केली. आता उरलेल्या... दर सुट्टीत थोड्या थोड्या.