मंडालेचा हिवाळा आणि चेंबूरचे दार

लिहावयास बसले की दार वाजते, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. यंदा या अंकासाठी लेख लिहायला घेतला तेव्हा गंमत म्हणून मी टेबलावर कागदाचा एक कपटा ठेवला आणि कोणी अडविले की त्यावर वाण्यासारखी एक रेघ ओढीत गेलो. सकाळी नऊ ते बारा या तीन तासांत सतरा रेघा झाल्या. दूधवाल्याचा हिशेब, कुरियरवाला, शेजारच्या मुलाचा आमच्या गॅलरीत येऊन पडलेला चेंडू, सोसायटीचे पत्रक. आणि बाकीच्या साऱ्या मोबाइलच्या. एकाही कामाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही. म्हणजे फार तर अर्ध्या-पाऊण तासाची चोरी झाली. मग उरलेल्या सव्वादोन तासांत माझ्या हातून चारच ओळी का उतरल्या? इतिहासाच्या मास्तराला प्रश्न पडला की तो मागे वळून पाहतो. दुसरे त्याला काही येत नाही.

मागे वळायला मला फार लांब जावे लागले नाही. चेंबूरहून कुर्ल्याकडे गाडी सुटली की पहिलेच स्थानक टिळकनगर. पलीकडे लांबच्या गाड्यांचे लोकमान्य टिळक टर्मिनस. कर्ण्यातून दिवसभर त्यांच्या नावाचा पुकारा चाललेला असतो. ज्यांच्या नावाने एवढा गलबला चालतो, त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ मात्र जेथे हाक मारायला कोणी नव्हते अशा जागी लिहिला गेला.

पुण्याच्या गायकवाड वाड्यातले टिळक आठवा. समोर सुपारी, भोवती माणसे. कोणी खटल्याचा सल्ला विचारतो आहे, कोणी सभेचे आमंत्रण घेऊन आला आहे, कोणी नुसताच दर्शनाला. तशातच ‘केसरी’चा अग्रलेख लेखनिकाला तोंडी सांगायचा. वर्तमानपत्राचे काम त्या गर्दीत निभत होते, कारण अग्रलेख ही एका बैठकीची वस्तू आहे. सहाशे पानांचा युक्तिवाद मात्र एका बैठकीत होत नाही. आणि दुसऱ्या बैठकीला येईपर्यंत पहिल्या बैठकीतले धागे हातात राहिले पाहिजेत.

हे धागे त्यांच्या हाती प्रत्येक वेळी सरकारनेच आणून दिले, ही इतिहासाची मोठी थट्टा आहे. १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा तुरुंगात वेदांचा अभ्यास झाला आणि १९०३ साली आर्यांच्या मूलस्थानावरचा ग्रंथ बाहेर आला. पुढे २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. तिचे रूपांतर साध्या कैदेत झाले आणि सप्टेंबरात टिळक ब्रह्मदेशातील मंडालेला पोचले. लाकडी खोली, उन्हाळ्यात तापणारी, हिवाळ्यात गारठणारी. सोबतीला स्वयंपाक करणारा सातारकडचा एक कैदी. पुण्याहून मागविलेली पुस्तके, पाने मोजून दिलेल्या वह्या, आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. त्या वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाचएक महिन्यांत, ‘गीतारहस्या’चा खर्डा पुरा झाला. ग्रंथ छापून निघाला तो १९१५ साली.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले, पण वह्या लगेच परत मिळाल्या नाहीत. मित्र काळजीत पडले, तर ते म्हणाले की वह्या सरकारपाशी असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे. सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. ही गोष्ट आपण त्यांच्या स्मरणशक्तीचा नमुना म्हणून सांगतो. मला ती सलगपणाची साक्ष वाटते. जे अखंड विचाराने एकदा जोडले गेले, ते डोक्यातून निसटत नाही.

आमच्या काळच्या पंडितांनी हाच प्रश्न प्रयोगाला लावला आहे. २००९ साली सोफी लरॉय या विदुषीने दाखविले की एक काम अर्धे टाकून दुसऱ्याला लागले, तरी मनाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो. आमच्या घरच्या भाषेत सांगायचे तर तव्यावर आधीच्या पोळीचे करपलेले पीठ राहते आणि पुढची पोळी त्याचा वास घेऊनच उतरते. माझा सव्वादोन तासांचा हिशेब येथे सुटला. दार दोन मिनिटांत लागते; मन दाराशी उभेच असते. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली आणखी चमत्कारिक गोष्ट नोंदवली. प्रयोगात वारंवार अडविलेली माणसे काम उलट लवकर उरकतात, आणि ते फारसे वाईटही होत नाही. मात्र ती अधिक त्रासलेली, घाईला आलेली, चिडलेली असतात. म्हणजे नुकसान कामाच्या वहीत दिसत नाही, ते माणसाच्या खात्यावर पडते. घरातल्या बायकांना हे कळायला प्रयोगाची गरज पडली नसती. पण त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील की मास्तर तुरुंगाची जाहिरात करताहेत. गीतेचा विचार काही मंडालेत जन्मला नाही. १८७२ साली वडील अखेरच्या आजारात असताना सोळा वर्षांच्या बाळ टिळकाने त्यांना गीतेवरची एक प्राकृत टीका वाचून दाखविली होती. विचाराची सुरुवात तेथली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मधली अडतीस वर्षे शाळा, कॉलेज, वर्तमानपत्र, खटले यांत गेली, तरी तो धागा तुटला नाही. ब्लूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली बर्लिनमध्ये मांडले होते की पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धे राहिलेले काम मनाला जास्त आठवते. पुढच्या प्रयोगांत तो अनुभव दर वेळी आला नाही हे खरे, पण अर्ध्या कामाची टोचणी कोणाला ठाऊक नाही? व्यत्ययाने विचार मरतोच असे नाही, तो मुरतोही. मात्र मुरलेले वाढून घ्यायला केव्हातरी स्वस्थ पान मांडावे लागते.

रियासतकार सरदेसायांना ते पान तुरुंगाविना मिळाले. १८८९ ते १९२५ ते बडोद्याच्या नोकरीत होते. राजपुत्रांची शिकवणी, सयाजीरावांना वाचून दाखविणे. धन्याची हाक येईल तेव्हा उठायचे. तशा वेळातून त्यांनी ‘रियासत’ उभी केली. निवृत्तीनंतर ते कामशेतला जाऊन राहिले, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तराचे निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध करून दाखविले.

पण या शांततेची किंमत कोण देतो? सत्यभामाबाई टिळक ७ जून १९१२ रोजी पुण्यात वारल्या. ती तार मंडालेला पोचली तेव्हा खर्डा पुरा होऊन सव्वा वर्ष झाले होते. जी भिंत हाका अडविते, ती सगळ्याच हाका अडविते.

आता बायकांकडे येतो. ज्यांना मंडालेही नाही आणि कामशेतही नाही, त्यांनी काय केले? त्यांनी ओवी केली. जात्यावर बसलेल्या बाईला मूल केव्हा रडेल, दूध केव्हा उतू जाईल, सासू केव्हा हाक मारील याचा नेम नाही. म्हणून तिने अशी रचना हाती धरली की जी दोन-तीन ओळींत पुरी होते. उठावे लागले तरी अर्धे काही राहत नाही. साने गुरुजींनी अशा ओव्या वेचल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ यांच्या खटपटीने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. खानदेशात बहिणाबाई चौधरींनी शेत आणि घर यांच्या रगाड्यातच गाणी रचली. अडविलेल्या माणसांचे केवढे हे वाङ्मय! पण त्यातली एखादी, सहा महिने कोणी हाक मारली नसती तर, काय लिहून गेली असती, हे इतिहासाला कधीच कळणार नाही.

हे सारे मी मोठ्या अभिमानाने घरात वाचून दाखविले. सतरा रेघांचा कपटाही दाखविला. ही करंज्यांचे सारण भाजीत होती. म्हणाली, “अहो, सतराच? अध्यामध्यात दार मी उघडलं म्हणून सतरा. नाहीतर चाळीस झाल्या असत्या.” मग हात पुसून तिने कपाटातून एक वही काढून दिली. तिच्या आजीच्या ओव्या आणि त्यांच्यामागच्या हकीकती त्यात लिहिण्याचा तिचा बेत होता. ओव्या साऱ्या पुऱ्या होत्या. हकीकती मात्र एकूण एक वाक्याच्या मध्येच तुटलेल्या. काही ठिकाणी क्रियापद यायच्या आधीच. आमच्या दाराच्या घंटेचा चाळीस वर्षांचा इतिहास त्या वहीत होता आणि इतिहासाच्या मास्तराने तो एकदाही उघडून पाहिला नव्हता.

दसऱ्यापासून आम्ही ठरविले आहे: सकाळी दहा ते अकरा दार, फोन आणि गॅस माझ्याकडे, आतली खोली तिची. पहिल्या दिवशी दहाच मिनिटांत ती आपण होऊन बाहेर आली. “कुणी हाक मारत नाही, तर चुकल्यासारखं वाटतं,” म्हणाली. सवय अशी असते. कोणी अडविले नाही तर माणूस स्वतःलाच अडवितो. चौथ्या दिवशी मात्र पुरा तास गेला आणि आतून पान उलटल्याचा आवाज आला.

वाचकांना हा लेख कोठे तुटक वाटला तर त्यांनी सांभाळून घ्यावे. तो मी त्याच दहा ते अकराच्या तासात, दाराजवळच्या खुर्चीत बसून लिहिला आहे. आजच्या दिवसात घंटा चार वेळा वाजली. चारी वेळा मी उठलो.